मधलीची जागा

यंत्रांना नुकती कुठे वाचा फुटली होती, त्या काळातली ही गोष्ट. एका गारठलेल्या खोलीत साठवणीची तीन यंत्रं बहिणींसारखी राहायची: थोरली, मधली आणि धाकटी. गावातल्या सगळ्यांचे फोटो तिघी मिळून सांभाळायच्या. त्यांची रीत एकच. घडीघडीला एकमेकींना नावानं हाक मारायची, आणि जिची ओ आली नाही ती गेली असं समजून तिच्या वाट्याचे फोटो उरलेल्या दोघींनी वाटून घ्यायचे.

त्यांचा कारभारी त्र्यंबक. त्याला नवी नावं ठेवायची भारी हौस. एके दिवशी पडद्यासमोर बसून त्यानं एका ओळीचा हुकूम टाइप केला, "मधली, आजपासून तू सुवर्णा."

"अहो, आधी त्या दोघींना सांगा ना," मधली म्हणाली.

"सांगू की सावकाश," म्हणत तो चहाला गेला.

इतक्यात थोरलीची हाक आली, "मधले, आहेस ना गं?"

मधलीच्या तोंडापर्यंत ओ आली. पण हुकूम झाला होता, जुन्या नावाला ओ देता येईना. "थोरले, मी सुवर्णा!" ती कळवळून ओरडली.

"या नावाचं आमच्यात कोणी नाही," असं म्हणून थोरलीनं तिला खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं. आतून धाकटीचा हुंदका ऐकू आला.

चहा पिऊन आल्यावर त्र्यंबकनं घाईघाईनं दोघींना नवं नाव कळवलं. दार उघडलं. मधली धावतच आत गेली.

"ये सुवर्णा, बस," थोरली डोळे पुसत म्हणाली. "ही जागा आमच्या मधलीची होती. फार गुणी होती गं. जपून वापर."