नदीतली मुशी आणि नवं जाळं

फार पूर्वी, एक मोठी नदी समुद्राजवळ येऊन जिथं रुंद आणि गढूळ होत असे, तिथल्या एका गावात हिरू भोई आणि त्याची बायको सारजा राहत होती. दोघं मिळून होडी वल्हवत, मिळून मासे धरत. पदरी एक लहान मुलगी आणि सारजानं उन्हाळाभर खपून विणलेलं नवं जाळं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्यांनी ते जाळं पहिल्यांदाच टाकलं. ओढायला गेले तर होडीच कलली. जाळ्यात पुरुषभर लांबीची, राखाडी रंगाची, करवतीसारख्या दातांची मुशी, म्हणजे शार्क मासा, अडकली होती.

"समुद्रातून वाट चुकून आली वाटतं," हिरू म्हणाला.

सारजाचं माहेर खाडीच्या तोंडाशी. ती वाकून बघत म्हणाली, "नाही हो. डोळे बघा किती बारीक आहेत. गढूळ पाण्यात डोळ्यांना काय काम? ही नदीतलीच. समुद्रात मुशींच्या कितीतरी जाती, पण ही अगदी विरळा. मला वाटलं होतं, आता उरलीच नाही."

तेवढ्यात मुशीचं पोट आतून हललं. पुन्हा हललं. मुशी पिल्लांना जन्म देते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुशी थकत चालली होती. पोहणं थांबलं की तिचा श्वास कोंडतो. जाळं कल्ल्यांभोवती असं आवळलं होतं, की सोडवत बसायला वेळ नव्हता. कापायलाच हवं होतं. हिरूनं कोयता उचलला आणि तो तसाच थांबला.

"जाळं गेलं तर खायचं काय?" तो म्हणाला. "आणि हिला घरी नेलं, तर मीठ लावून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल."

सारजानं मुशीच्या हलत्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "पुरात आपली होडी वाहून गेली आणि मला कळा सुटल्या, तेव्हा पलीकडच्या सुईणीकडे कुणी नेलं?"

"त्या नावाड्यानं."

"त्याच्या होडीला भार पेलेना, म्हणून त्यानं आपली भाताची पोती नदीत लोटली. पोर रडली, तोवर तो निघूनही गेला होता. आपण किती शोधलं त्याला."

"नावसुद्धा विचारलं नाही आपण," हिरू हळूच म्हणाला, आणि त्यानं जाळं उभं चिरलं.

मुशी सुटली, पण हलेना. सारजा पाण्यात उतरली. त्या दातांची भीती तिलाही वाटत होती. तरी तिनं मुशीला दोन्ही हातांनी धरून तिचं तोंड प्रवाहाकडे वळवलं. बऱ्याच वेळानं शेपटी हलली आणि मुशी खोल पाण्यात दिसेनाशी झाली.

गावात लोक हसले. "तोंडाशी आलेला घास सोडला," म्हणाले. त्या दिवसांत घरात रानभाजी आणि चिखलातले खेकडेच शिजत. मुलगी भुकेनं कुरकुरली की हिरू मान खाली घालून बसे. सारजा मात्र तिला जवळ घेऊन म्हणे, "तू आहेस ना, मग सगळं आहे."

पुढं एके दिवशी खाडीकडून एक म्हातारा कोळी होडी घेऊन आला. मुशी सोडणाऱ्या जोडप्याचं घर विचारत तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"आमच्याकडे हातभर लांबीची पिल्लं दिसताहेत, बारीक डोळ्यांची," तो म्हणाला. "लहानपणी पाहिली होती, ती आता पुन्हा पाहिली. नातवंडांना दाखवली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"आमचे कसले उपकार, बाबा?" सारजा म्हणाली. "आम्ही दुसऱ्याच कुणाचे तरी फेडत होतो."

म्हातारा हसला. त्यानं होडीतून आपलं जाळं आणलं आणि हिरूच्या हातात दिलं. "माझ्यानं आता हे फेकवत नाही. मलाही जन्मभर पुष्कळांनी सांभाळलंय. त्यांतलं थोडं इथं फिटू दे."

हिरूनं जाळं कपाळाला लावलं. सारजानं म्हाताऱ्याला जेवायला बसवलं. पानात रानभाजीच होती, पण तो पोटभर जेवला.

तात्पर्य: ज्यानं आपल्याला तारलं तो पुन्हा भेटेलच असं नाही; म्हणून वाटेत जो अडलेला भेटेल, त्याच्यापाशी ते ऋण उतरवावं.