दारफाळणीला दार कोणी वाजवलं?

एकदा काय झालं, आपल्या यहुदी लोकांचं गलबत नवगावच्या खडकावर फुटलं. पोथ्या गेल्या तळाला. पोहून वर आलेल्यांना सणांची नावंसुद्धा आठवेनात. पण वर्षातून एक दिवस उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे, दारं लावून देवाची माफी मागायची, तेवढं मात्र ती विसरली नाहीत. म्हणून तो दारफाळणीचा सण. शिकलेली माणसं योम किप्पूर म्हणतात. म्हणोत बापडी. सायमन, अंगठा काढ तोंडातून.

तर त्या किनाऱ्यावर हसाजी तेली राहायचा. बायको मिलकाबाई, नि पाळण्यात रिबका. आणि खाडीत राहायचा गिऱ्हा. पाण्यातलं भूत, बरं का. त्याला हवं होतं लेकरू. एरवी तो घरात शिरू शकत नसे. पण दारफाळणीला कोणी आतून दार उघडलं, की मेला आत! म्हणून हसाजी दरवर्षी बजावायचा, "कोणीही येवो, दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत अडसर काढायचा नाही."

त्या वर्षी हसाजी तेल विकायला खाडीपलीकडे गेला, तो आलाच नाही. सूर्य टेकला, सण लागला. मिलकाबाईनं वाट बघितली, बघितली, मग रडत रडत अडसर घातला. करते काय?

सकाळी दार वाजलं. टक टक. शेजारणीचा आवाज. "मिलकाबाई, चूल विझली हो, विस्तव द्या."

"उद्या न्या," मिलकाबाई म्हणाली.

मग दुपारी दार वाजलं. तिच्या भावाचा आवाज. "ताई, आईचं काही खरं नाही. चल लवकर."

मिलकाबाईनं तोंडात पदर कोंबला. "चांदण्या दिसल्या की येते रे!" पण दार नाही उघडलं.

मग उन्हं कलली. पुन्हा दार वाजलं. "मिलका, मी आलोय. होडी उलटली. पाय मोडलाय गं. उघड!"

हुबेहूब हसाजी! मिलकाबाईचा हात अडसरावर गेलासुद्धा. हा खराच तो असला, तर उंबऱ्यावर जीव जाईल. नसला, तर रिबका जाईल. पाळण्यात पोर रडायला लागली.

मग ती म्हणाली, "अहो, उघडू नकोस म्हणून तुम्हीच सांगता ना? मग आज तुम्हीच उघड कसं म्हणता?"

बाहेर एकदम गप्प. खरंच नवरा असेल तर? गेला असेल तर? रिबकाला उराशी धरून ती चांदण्या दिसेपर्यंत बसली.

मग तिनं दार उघडलं. ओट्यावर हसाजी बसलेला! कपडे चिखलानं भरलेले, ओठ सुकलेले, पण पाय धड.

"कधी आलात?"

"काल. मी अंगणात आलो नि तू अडसर घातलास. मग इथंच बसलो, उपाशी."

"मग ती हाक?"

"माझ्या शेजारीच उभा राहून तिन्ही हाका मारत होता मेला गिऱ्हा."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"काय करू? उघडू नकोस म्हणून ओरडलो असतो, तर माझाच आवाज ओळखून तू उघडलं असतंस!"

मिलकाबाई हसली नि रडली. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे उपासानंतरचा दानाचा दिवस. त्यांनी गोरगरिबांना धान्य वाटलं, मग आईला बघायला गेली, तर ती ठणठणीत. तिघंही सुखानं नांदली.

भीती वाटली? मलाही वाटते रे, अजून. सरका थोडं, मी इथंच पडते. झोपा आता.