डाव्या दंडावरचा वण

करंजवाडीच्या आमदार इंदुमती कोळपे यांना लोक अजून इंदूसिस्टर म्हणत. आमदार होण्याआधी तीस वर्षं त्या तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि तालुक्यातल्या तान्ह्या पोरांना लस टोचायला त्याच जात.

पुन्हा निवडणूक आली. या खेपेला समोर माजी मंत्री भुजंगराव तळेकर उभे होते. पत्रकारांनी दोघांना एकाच मांडवात बोलावलं. भुजंगराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "तालुक्यात दोनशे कोनशिलांवर माझं नाव कोरलंय. सुया टोचण्यापलीकडे या बाईंनी काय केलं? यांचं नाव कुठे दिसतं का, ते दाखवा."

त्यातल्या निम्म्या कोनशिलांमागे इमारतच नव्हती, ही गोष्ट निराळी. पण मांडवात हशा पिकला.

इंदूसिस्टर शांतपणे उठल्या. "साहेबांचं खरं आहे. माझं नाव कुठेच कोरलेलं नाही. पण इथल्या पोरांच्या डाव्या दंडावर लसीचा गोल वण आहे, तो माझ्या हातचा. ज्यांना आहे त्यांनी जरा बाही वर करा."

आधी मागच्या रांगेत चार बाह्या वर सरकल्या. मग सगळा मांडवच दंड दाखवू लागला. त्यात भुजंगरावांचा ड्रायव्हर होता, त्यांचे झेंडेवाले होते, आणि व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा थोरला मुलगा अजिंक्यही होता.

"बाही खाली कर," भुजंगराव दातओठ खात पुटपुटले.

"करतो की, आबा," अजिंक्य म्हणाला. समोरचा माईक चालूच होता. "पण त्यानं वण जाणार आहे का?"