तीन पदरांची ढाल

एका राज्यात, जिथे सावल्यादेखील राजाला मुजरा करीत, युवराज शूरध्वज नववधू शशिलेखेला घेऊन आला आणि उंबरठ्यावरच दगड झाला. मांत्रिक धूमकेशाला लग्नात आहेर मिळाला नव्हता. एवढे कारण त्याला पुरले.

"तांबे, लोखंड, तांबे. तीन पदरांची ढाल करा, पण नाद एकच निघावा, तरच युवराज सुटेल," धूमकेश म्हणाला. "प्रयत्न तीन. तिसरा चुकला, की युवराजाची वाळू होईल."

राजलोहार कालिंगाने पत्र्यांना तेल माखले, कुंकू लावले. पूजेवाचून तिथे कोणी धातू घडवीत नसे. मग थंड पत्र्यांवर घण पडले. तांबे पसरले, लोखंड हटून बसले, आणि ढाल कडेने उकलली.

दुसऱ्या खेपेस पूजा दुप्पट झाली. पत्रे भट्टीत दिवसभर भाजले. घण पडताच मधून काळी खपली निघाली आणि ढालीचे तुकडे झाले.

शशिलेखा नवी सून. तिने बोलायचे नव्हते, म्हणून तिने सारे नीट पाहिले होते.

"सूनबाई, तोंड उघडा," पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली. "नाहीतर वाळूशी संसार कराल."

शशिलेखा पुढे झाली. "कालिंगकाका, घडीच्या पोळीत तेल का लावतात?"

"पदर सुटावेत म्हणून, राणीसाहेब."

"मग ढालीत का लावता?"

कालिंगाने कपाळाला हात लावला.

"अगं, पूजा मोडायची?" सासूबाई म्हणाल्या.

"मोडायची नाही, पुसायची. देव रागावलाच, तर माझ्यावर रागावू दे."

तिने पदर खोचला. चिंच आणि राख घेऊन पत्रे घासले, धुतले, कोरडे केले.

"भाजू लाल होईतोच, खपली धरायच्या आत," कालिंग म्हणाला. "आणि घण नको. तो एका जागी बसतो. सगळीकडून सारखा दाब हवा."

तापलेले पत्रे उसाच्या चरकात घातले. हत्तींनी चरक फिरवला. ढाल लांबून, पातळ होऊन बाहेर आली. कडेला तांबडी, काळी, तांबडी रेघ, आणि मध्ये नखही शिरेना.

धूमकेशाने ढालीवर दंड हाणला. एकच नाद निघाला आणि दंड मोडला. मंत्र आठवत नाहीत, असे पुटपुटत तो चालता झाला.

शूरध्वजाने डोळे उघडले. "फार उशीर झाला का?"

"झाला थोडा. पाय गारठलेत तुमचे. आत चला."

आणि युवराज, सगळ्यांदेखत, तिच्या मागून घरात गेला.