साकवावरची हाक

पूर्वी एक वृद्ध वैद्य एका ओढ्याकाठी राहत असत. झाडपाल्याचं ज्ञान त्यांच्या घराण्यातच होतं; पण तरुणपणी शहरात राहून त्यांनी मेंदूचं शास्त्रही आत्मसात केलं होतं. हातपाय थरथरणारे, पाऊल अडखळणारे रुग्ण दूरच्या वाड्यांवरून त्यांच्याकडे येत. त्यांच्यासाठी ओढ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव होता, काथ्याच्या दोऱ्यांनी आवळून बांधलेला.

या वैद्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचे शिष्य दोन. अनशी त्यांच्या घरीच राहून शिकायची. झिलू पलीकडच्या काठावर राहून पानं-मुळ्या गोळा करायचा आणि साकवाच्या दोऱ्या सांभाळायचा. मधे बांबूचं दाट बेट, त्यामुळे हा काठ त्या काठाला दिसत नसे. म्हणून तिथली एक रीत होती. रोज सकाळी अलीकडून हाक जायची, "आहोत रे!" ती ऐकून पलीकडचा माणूस दोऱ्या चाचपायचा, सैल झालेली गाठ आवळायचा आणि उलट ओरडायचा, "आहोत!" हाक आली नाही, तर रोज एक दोरी सोडायची आणि ओढ्यावर दूर वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या साकवाला न्यायची. ज्या साकवावर कोणी येणार नाही, तो बांधून ठेवायचा कशाला?

हाक मारायचं काम अनशीचं. आणि तेच तिला सलायचं.

येणारा प्रत्येक रुग्ण म्हणायचा, "झिलूचा साकव हो, पाय जरा म्हणून डगमगत नाही!" झिलूचा साकव! आबासुद्धा पलीकडून आलेल्या मुळ्या उन्हात धरून म्हणायचे, "बघ, माती कशी झटकलीय पोराने. शीक काही." अनशी मान खाली घालून खल घोटत राहायची. काढे मी उकळायचे, हात भाजायचे ते माझे, आणि नाव त्याचं. वर रोज सकाळी त्याला हाक मारायची, तीही मीच!

"आबा, साकव बांधलेला तर आहे," ती एकदा म्हणालीच. "रोज उठून काय ओरडायचं?"

"ओरड म्हणून सांगितलंय ना? मग ओरड."

पुढे आबा दहा दिवसांसाठी परगावी गेले. पहिल्या सकाळी अनशी ओढ्यावर गेली, तोंड उघडलं, आणि मिटलं. बघू दे की त्याला, माझ्या हाकेवाचून किती चालतं ते. दुसऱ्या दिवसापासून ती तिकडे फिरकलीच नाही. पाऊल अडखळतं म्हणून दर सोमवारी औषधाला येणारी म्हातारी कुंभारीण त्या सोमवारी आली नाही, तेव्हा मात्र अनशी दारापर्यंत जाऊन परत आली. बरी झाली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दहाव्या दिवशी दारात सावली पडली. अनशी दचकून उभी राहिली. आबा कमरेपर्यंत भिजलेले होते; ओढा पायी ओलांडून आले होते. आता हे रागावतील, असं तिला वाटलं. पण आबांनी एक फुलपात्र काठोकाठ भरलं आणि तिच्या हाती दिलं.

"अंगणाला एक फेरी मार. थेंब सांडू नकोस."

श्वास रोखून ती फेरी मारून आली. थेंब सांडला नाही.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"चालायला? ते लहानपणीच येतं ना, आबा."

"आलं लहानपणी. टिकलंय कशावर?"

आबा पायरीवर बसले.

"डोक्यात एक पेशी संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे मधे बारीकशी फट असते. तिथला सांधा बालपणी जुळतो खरा, पण तो चुना घालून पक्का केलेला नसतो. पेशी एकमेकींना निरोप धाडत राहतात, इवलेइवले. त्यात नवं काही नसतं. मी आहे, एवढंच. तेवढ्यावर पलीकडची पेशी सांधा धरून ठेवते. साठाव्या वर्षीसुद्धा. निरोप थांबला तर ती रागावत नाही गो, हळूहळू सोडून देते. मग पायात बळ असतं, मनात इच्छा असते, आणि पाऊल मात्र उचलत नाही. ती कुंभारीण मला वाटेत भेटली; सोमवारी पलीकडे येऊन उभी राहिली आणि परत गेली. तिच्या डोक्यात जे झालंय, ते तू ओढ्यावर केलंस."

अनशीने फुलपात्र खाली ठेवलं. काथ्याचं वेटोळं खांद्यावर टाकून ती पाण्यात उतरली. पलीकडे झिलू उघड्या खोडांपाशी बसला होता.

"आजारी होतीस?"

"नाही. मुद्दाम गप्प बसले. सगळे तुझंच नाव घेतात."

झिलूने एका खोडावरून हात फिरवला.

"मीही मुकाट दोऱ्या सोडत बसलो ना. एकदा येऊन विचारता आलं असतं. नाही आलो. तू आबांच्या पंगतीला जेवतेस, रोज. मला दिवसाचा एक शब्द मिळतो, आणि तोही तुझा."

हे अनशीच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिने दोरीचं एक टोक त्याच्यापुढे धरलं. त्याने ते खोडाखालून ओवून तिच्याकडे काढलं. "ओढ. अगं, तशी नाही, तिरकी!" दोघांनी पाय रोवून पहिली गाठ आवळली, तेव्हा ती कोणाच्या नावाची, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

आपण ज्याचा हेवा करतो, त्याच्याकडे आपला साधा निरोप शेवटचा कधी गेला होता, एवढं आज आठवून पाहावं.