बुडत चाललेली रिकामी नाव

एका खाडीच्या काठी एक नावाडी राहत होता. बायको लवकर वारली, तेव्हापासून घरात दोघंच: तो आणि त्याचा मुलगा धाकू. धाकूनं लहानपणी कुणाचं जाळं फाडलं की नावाडी ते गुपचूप शिवून द्यायचा. कुणाच्या कोंबड्या मारल्या की आपल्या घरची कोंबडी नेऊन द्यायचा. "पोर आहे, मोठा झाला की कळेल," असं म्हणायचा. धाकू मोठा झाला. त्याला नाव चालवता येऊ लागली, बाकी काही कळलं नाही.

पलीकडच्या गावच्या गुरवाचा मुलगा हरबा जत्रेत सनई वाजवायचा. यंदाच्या जत्रेत धाकू बायकांच्या रांगेत घुसला, तेव्हा हरबानं त्याला दंड धरून बाहेर काढलं. सगळे हसले. धाकूनं ते मनात ठेवलं.

थोड्या दिवसांनी हरबा घरी जायला नावेत बसला. वल्ही धाकूच्या हातात होती. ओहोटीला खाडीच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा वर येतो. तिथं धाकू म्हणाला, "नावेत पाणी शिरलंय. जरा उतर, मी उपसून घेतो." हरबा सनई घेऊन उतरला आणि धाकू नाव वल्हवत निघून आला.

घरी येऊन त्यानं बापाला सांगितलं, "नुसती भीती घालायची होती, बा. हाका मारील, पाया पडेल, मग आणणार होतो. पण त्यानं हाक मारलीच नाही. सनई वाजवत बसला."

दुपारी जाळं विणताना नावाड्यानंही सनई ऐकली होती. आज कुणाचं लग्न म्हणायचं, असं त्याच्या मनात आलं होतं.

"मग?"

"मग भरती आली. सनई थांबली."

नावाड्यानं उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "कुणाला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी हरबाची आई, म्हातारी गुरवीण, दुसऱ्या कुणाच्या होडीतून खाडी ओलांडून आली. "दादा, माझा हरबा तुझ्या नावेत बसला होता का रे?"

"नाही, आक्का. डोंगरावरच्या वाटेनं गेला असेल."

ती परत फिरली. नावाड्यानं सहज नावेकडे पाहिलं. खुंट्याला बांधलेली रिकामी नाव चार बोटं खाली गेली होती. त्यानं वाकून पाहिलं. आत पाण्याचा थेंबही नव्हता.

म्हातारी रोज येऊ लागली. तो रोज "नाही" म्हणायचा आणि रोज नाव थोडी आणखी खाली जायची, जणू आत कुणीतरी बसलं होतं आणि जड होत चाललं होतं. नावेत बसणाऱ्या माणसांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी पुढच्या फळीवर कुणी बसेना. सगळे मागे दाटीवाटीनं बसायचे आणि ती फळी मोकळी राहायची. भर दुपारी कोरड्या उन्हातही ती ओलीच असायची. हळूहळू लोकांनी यायचंच सोडलं.

अखेर त्या दिवशी खाडीच्या पाण्यावरून सनई ऐकल्याचं एका कोळणीनं पंचांना सांगितलं. सकाळी सगळा गाव धक्क्यावर जमला. धाकू बापाच्या मागे उभा राहून कुजबुजला, "बा, तू सांभाळून घेशील ना?"

नावाडी पुढे झाला. "पंचहो, हरबाला मी सोडलं वाळूवर. मीच."

त्याच क्षणी मागे पाणी डचमळलं. वारा नव्हता, लाट नव्हती. रिकामी नाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेली आणि काठावरून पाणी आत ओतू लागलं. बायकांनी तोंडावर पदर घेतले.

नावाड्यानं वळून मुलाकडे पाहिलं. धाकूच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटल्याचं समाधान होतं. नावेपेक्षा त्या चेहऱ्याचीच नावाड्याला जास्त भीती वाटली.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "धाकूनं सोडलं. मी लपवलं."

पाणी निवळलं आणि नाव बुडायची थांबली. धाकूला ठाण्यावर न्यायचं ठरलं. जाता जाता तो ओरडला, "बोलू नकोस असं तूच म्हणाला होतास, बा!"

"बापाचं काय करायचं?" थोरल्या पंचांनी विचारलं. कुणी म्हणालं, यानंच पोराला बिघडवलं, दोघांनाही सारखीच शिक्षा द्या. कुणी म्हणालं, मुलाचं पाप बापाच्या गळ्यात कशाला? शेवटी पंचांनी गुरविणीकडे पाहिलं.

"माझ्या हरबाला यानं मारलं नाही," ती म्हणाली. "त्याचा जाब याला विचारू नका. पण मी रोज येत होते आणि हा रोज मला परत पाठवत होता. मी घरी जाऊन लेकासाठी भाकरी झाकून ठेवत होते. त्या भाकरीचा जाब मला याच्याकडून हवा."

पंचांनी नावाड्याकडून नाव काढून घेतली आणि म्हातारी जिवंत असेपर्यंत तिचं पाणी भरायला, सरपण आणायला सांगितलं. त्यानं ते केलं. तिनं पुन्हा कधी त्याला दादा म्हटलं नाही.

दर महिन्याला तो डोंगर चढून ठाण्यावर जायचा. धाकू भेटायला यायचा नाही. एकदा आला. गजांपलीकडे मान खाली घालून उभा राहिला.

"त्याच दिवशी तुझा हात धरून तिच्या दारात न्यायला हवं होतं," नावाडी म्हणाला. "माझं चुकलं."

धाकूनं मान वर केली. "आता नेशील?"

"नाही. शिक्षा संपली की तुझा तू जायचंस. मी वाटेत तुझ्याबरोबर असेन, दारात मात्र तू एकट्यानं उभं राहायचंस."

धाकूनं मान हलवली. मग गजांवर कपाळ टेकून तो पहिल्यांदा रडला.

तात्पर्य इतकंच: मुलाचा गुन्हा आईबापांना स्वतःच्या अंगावर घेता येत नाही, पण तो झाकला, तर ते झाकणं त्यांचं असतं आणि त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो.