भाकरीचा निरोप

मोबाईलवर अमुक एक गोष्ट फुकट आणि बाकी सगळ्याला पैसे, असे कोणी सांगितले, तर त्या फुकटाची किंमत कोण भरतो आणि कशासाठी भरतो, असे तुम्ही कधी विचारले आहे का? ज्यांनी विचारले नसेल, त्यांनी ही गोष्ट सावकाश ऐकावी.

फार पूर्वी डोंगरांच्या वेढ्यात एक गाव होते. बाहेर जायला एकच खिंड, आणि ती चढून उतरायला पुरा दिवस लागे. गावाच्या लेकी खिंडीपलीकडे नांदत होत्या, मुलगे पलीकडच्या पेठेत कामाला होते. त्यांची खुशाली गावात आणणारा माणूस एकच होता. त्याला सगळे निरोप्या म्हणत.

निरोप्याला लिहिता येत नव्हते. पण एकदा ऐकलेला शब्द तो विसरत नसे. सकाळी पारावर उभा राहून तो निरोप सांगे. जो आधी हाती आला तो आधी, जो मागून आला तो मागून. पाटलाचा निरोप आणि कुंभारणीचा निरोप एकाच आवाजात. ज्या घरचा निरोप, त्या घराने त्याला एक भाकरी द्यायची. निरोप लांब असो की आखूड, भाकरी एकच. एखाद्या घरी पीठ नसले, तर निरोप आज आणि भाकरी सुगीला. खिंडीतल्या देवीच्या शिळेवर हात ठेवून त्याच्या आजाने तशी शपथ घेतली होती, बापाने घेतली होती, त्यानेही घेतली होती: "पाय माझे, शब्द ज्याचा त्याचा."

पन्नाशी उलटली आणि पाय दुखू लागले. खिंडीत एकदा बसला की त्याला उठवत नसे. पूर्वी तो चढताना देवीचे नाव घेई. आता नुसते दगड मोजी.

पेठेतल्या मीठ-कापडाच्या व्यापाऱ्याने हे हेरले.

"अजून किती वर्षे चालणार, दादा?"

"पाय आहेत तोवर."

"मग फार वर्षे नाहीत." व्यापाऱ्याने दारात बांधलेले खेचर दाखवले. "हे घेऊन जा. दाणावैरण माझी. त्या बदल्यात माझे निरोप गावाला फुकट ऐकव. गावाची भाकरी मी भरली असे समज."

"आणि बाकीचे निरोप?"

"तेही आण की. मी कोणाला अडवतो? फक्त माझे आधी सांग. बाकीच्यांना एकाऐवजी दोन भाकऱ्या घे, आणि उधारी बंद कर. फुकटाची गोडी कळायला दुसरे महाग हवे. एक निरोप जरी उधार गेल्याचे कानावर आले, तरी खेचर परत येईल."

निरोप्याने खेचराच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ उबदार होती. त्या दिवशी खिंडीतून येताना तो देवीच्या शिळेपाशी उतरला नाही. खेचर मध्येच थांबत नाही, असे त्याने स्वतःला सांगितले.

गाव खूश झाले. व्यापाऱ्याचे निरोप मोठे गमतीचे असत. कोणत्या गावच्या नवरदेवाला घोड्याने पाडले, पेठेत कोणत्या रंगाची लुगडी आली, मीठ किती स्वस्त झाले. लोक दात घासत घासत पारावर येऊन बसत.

"काय रे, आज शेटचे मीठ काय म्हणते?"

"म्हणते, तुझ्या सासूपेक्षा कमी खारट आहे."

हसता हसता ऊन वर येई आणि लोक शेताकडे वळत. बाकीचे निरोप निरोप्याच्या डोक्यात तसेच पडून राहत. आधी कोणी दोन भाकऱ्या घेऊन येई आणि ऐकून जाई. मग ते कमी झाले. हळूहळू शब्दांचे अर्थही बदलले. व्यापारी सांगे तो 'निरोप' झाला, आणि लेकीबाळींच्या निरोपांना गाव 'भाकरीचा निरोप' म्हणू लागले. "काही वाईट असते, तर निरोपात आलेच असते," असे लोक एकमेकांना सांगत. तसे नव्हते, हे ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता, आणि तो गप्प राहिला.

आषाढात एका सकाळी कुंभारीण पारापाशी आली. विधवा बाई, एकुलती एक लेक खिंडीपलीकडे दिलेली. पावसात भट्टी लागत नसल्यामुळे तिच्या घरी पीठ नव्हते.

"माझ्या लेकीचे काही आहे का, बाबा?"

"आहे."

"काय म्हणते?"

"भाकरीचा आहे, मावशी."

"भट्टी लागली की दोन नाही, चार देते. आता एवढेच सांग, चांगला आहे की वाईट?"

निरोप आदल्याच दिवशी त्याच्या कानी पडला होता. "दिवस भरत आले. घरात दुसरे बाईमाणूस नाही. असशील तशी ये." एवढाच होता. एका श्वासात सांगून झाला असता. पण पारावर व्यापाऱ्याचा, गावात मीठ विकणारा माणूस पान खात बसला होता. निरोप्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिले, मग खेचराकडे पाहिले.

"चांगले-वाईट सांगितले, म्हणजे निरोप सांगितलाच की," तो म्हणाला. "पीठ झाले की ये."

"तुझेही बरोबर आहे," कुंभारीण म्हणाली आणि पावसात निघून गेली. ती भांडली असती, तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

सहाव्या दिवशी घरातला मोठा रांजण देऊन तिने पीठ मिळवले आणि दोन भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या. निरोप्याने निरोप सांगितला. तिने भाकऱ्या पारावर ठेवल्या आणि घरी न जाता तशीच खिंडीची वाट धरली.

आठ दिवसांनी ती परतली. पदराखाली बारसेही न झालेले मूल होते. पारावर त्या वेळी व्यापाऱ्याचा निरोप चालू होता. ती थांबली, तसा तोही थांबला.

"मी पोचले तेव्हा सगळे आटोपले होते," ती म्हणाली. "शेजारीण सांगत होती, शेवटचे दोन दिवस लेकीने दारावरून नजर हलवली नाही. हा निरोप तुझ्या हाती कधी आला होता, बाबा?"

"तू पहिल्यांदा विचारलेस, त्याच्या आदल्या दिवशी."

 मुलाला सावरून ती घराकडे गेली.

 मग एक शेतकरी हळूच उठून उभा राहिला.

"माझाही काही आहे का?"

"आहे."

"आणि माझा?" दुसऱ्याने विचारले. मग तिसऱ्याने. शेवटी पाटलांनीच विचारले, "असे एकूण किती आहेत?"

"एकोणचाळीस."

"सांग."

व्यापाऱ्याचा माणूस उठू लागला. पाटलांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो बसला. निरोप्याने भाकरी मागितली नाही. ज्या क्रमाने निरोप आले होते, त्या क्रमाने तो सांगू लागला. कोणाचा भाऊ तापाने पडला होता आणि औषधाला माणूस मागत होता. कोणाच्या मुलीला चांगले स्थळ आले होते आणि उत्तर न गेल्यामुळे ते दुसरीकडे जुळले होते. एकाचा बाप पेठेत वारला होता. तेरावाही उलटून गेला होता. तो मुलगा त्या सबंध पंधरवड्यात याच पारावर बसून शेटच्या मिठाला हसला होता. दुपार झाली तरी कोणी शेतावर गेले नाही.

सगळे सांगून झाल्यावर पाटील म्हणाले, "आम्ही फुकट म्हणून ऐकत राहिलो आणि बाकीच्यांचे काय झाले हे विचारले नाही. तो आमचा दोष, तो आम्ही देवीपुढे मांडू. पण शपथ तू घेतली होतीस. उद्यापासून हे काम तुझे नाही."

निरोप्या खेचर परत करायला पेठेत गेला.

"मी कोणाचा निरोप अडवला होता, ते तूच सांग," व्यापारी म्हणाला. "मी तर सगळ्यांना फुकट दिला." आणि ते खेचर त्याने पलीकडच्या खोऱ्यातल्या निरोप्याकडे धाडले.

गावाने निरोप नेण्या-आणण्याचे काम एका धनगरिणीला दिले. डोंगर तिच्या पायाखालचे होते. भाकरी पुन्हा एक झाली. मात्र आता लोक आपला निरोप ऐकून झाल्यावरही उठत नसत. शेवटचा निरोप सांगून होईपर्यंत बसून राहत.

निरोप्याला कोणी मारले नाही, वाळीतही टाकले नाही. सणाला त्याच्या ओट्यावर कोणी ना कोणी ताट ठेवून जाई. पण त्याला कोणी काही सांगत नसे. गावात बारसे झाले की त्याला ते वाजंत्र्यांवरून कळे, आणि कोणी गेले की ते धुरावरून कळे. कोण गेले, ते कळत नसे. धनगरीण दर फेरीला त्याच्या दारावरून जाई.

"माझ्यासाठी काही आहे का, बाई?"

"नाही, दादा."

ती खोटे बोलत नव्हती. त्याच्या नावाने निरोप कोणी धाडतच नव्हते. दुसऱ्याचे शब्द ज्याने विकले, त्याच्यासाठी शब्द खर्च करावा, असे खिंडीच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणालाच वाटत नव्हते.

खिंडीपलीकडे त्याची एक सख्खी बहीण होती. तिच्याखेरीज त्याला रक्ताचे कोणी नव्हते. चौथ्या वर्षी विहिरीवर पाणी भरताना दोन बायकांच्या बोलण्यात तिचे नाव निघाले, तेव्हा त्याने घागर खाली ठेवली.

"ती बरी आहे ना?" त्याने विचारले.

 त्यांच्यातली थोरली म्हणाली, "तिला जाऊन वर्ष होऊन गेले, दादा. तुम्हाला ठाऊक असेल असे वाटले होते."

तात्पर्य: ज्याच्या हाती सर्वांची वाट आहे, त्याने त्या वाटेवर एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे करू नये, आणि फुकट मिळते म्हणून जो एकाचेच ऐकतो, त्याने बाकीचे गप्प आहेत असे समजू नये.